दर महिन्याला एक विषय, एक पुस्तक : मुलांसाठी वाचन-उपक्रम कसा आखावा

आठ ते बारा वर्षांच्या मुलांना चित्रांची पुस्तके बाळबोध वाटू लागतात आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या अजून जड जातात. या वयात दर महिन्याला एक विषय ठरवून त्यावरचे निदान एक पुस्तक पूर्ण करण्याचा उपक्रम घरी किंवा वर्गात सहज चालवता येतो.

प्रथम पुस्तके शोधावीत आणि मगच विषय ठरवावेत. अनेक पालक जून महिन्यात बारा विषयांची यादी उत्साहाने करतात आणि ऑगस्टमध्ये त्या विषयाचे पुस्तकच हाती न आल्याने उपक्रम सोडून देतात. म्हणून जवळच्या ग्रंथालयाचा बालविभाग आणि घरचे कपाट आधी पाहून घ्यावे, आणि ज्या विषयाची चार-पाच तरी पुस्तके सापडतील तोच विषय पक्का करावा. पुस्तके कमी पडली, तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक उपयोगी पडतात. हे मासिक 1971 पासून निघत आहे.

त्यानंतर विषय महिन्यांशी जोडावेत. फेब्रुवारीत 27 तारखेला मराठी भाषा गौरव दिन आणि 28 तारखेला राष्ट्रीय विज्ञान दिन लागोपाठ येत असल्यामुळे त्या महिन्यात मराठी विज्ञानकथा वाचाव्यात. मे महिन्याच्या सुट्टीत साहसकथा घ्याव्यात, भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची अनेक पुस्तके असल्याने एक आवडले की मूल दुसरे आपणहून मागते. मार्चमध्ये परीक्षा असतात, तेव्हा कवितांचे एखादे छोटे पुस्तक पुरे.

डिसेंबरसाठी मला ‘श्यामची आई’ सुचवावेसे वाटते. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि ते बेचाळीस ‘रात्रीं’मध्ये, म्हणजे तितक्या प्रकरणांमध्ये मांडले. रोज एक रात्र याप्रमाणे 13 नोव्हेंबरला वाचन सुरू केले, तर शेवटची रात्र 24 डिसेंबरला, म्हणजे गुरुजींच्या जन्मदिवशी येते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला त्यातली भाषा आज अवघड वाटू शकते, म्हणून घरातल्या मोठ्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवावे आणि अडलेले शब्द तिथल्या तिथे सांगावेत.

विषय निवडताना त्याचा आवाका जपावा. ‘प्राणी’ हा विषय फार पसरट होतो, तर ‘वाघ’ या विषयाची पुस्तके लवकर संपतात. ‘माणूस आणि प्राणी यांची मैत्री’ असे म्हटले की कथा, अनुभवकथन आणि माहितीपर पुस्तक यांतले कोणतेही चालते. विषय मोठ्यांनी ठरवला तरी पुस्तक मात्र मुलानेच निवडावे, आणि वीस-पंचवीस पानांनंतर ते नकोसे झाले तर बदलण्याची मुभा त्याला मनापासून द्यावी. पानांची मोजणी आणि जास्त पुस्तकांसाठी बक्षीस या दोन्ही गोष्टी टाळाव्यात, कारण त्यामुळे मुले बारीक पुस्तके शोधू लागतात आणि सावकाश वाचणारे मूल मागे पडल्यासारखे होते.

नोंदीसाठी एक साधी वही पुरते. पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव आणि मित्राला वाचून दाखवावेसे वाटलेले एक वाक्य, एवढेच मुलाने तीत लिहावे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी पाच-सहा मुलांना अर्धा तास एकत्र बसवून ती वाक्ये वाचायला सांगावीत. तात्पर्य विचारू नये. एखाद्या महिन्यात पुस्तक अर्धवट राहिले, तर ती थकबाकी पुढच्या महिन्यावर न लादता नवा विषय सुरू करावा.