प्रॉपर्टीला केलेल्या असाइनमेंटची किंमत नेमकी कुठून येते?

`निकाल = ग्राहक.वय = "25"`

जावास्क्रिप्टमधली ही ओळ. समजा, `वय` या प्रॉपर्टीला सेटर (प्रॉपर्टीत लिहिताना आपोआप चालणारं फंक्शन) आहे आणि तो आलेल्या स्ट्रिंगचा नंबर करून साठवतो. नंतर `ग्राहक.वय` वाचलं तर 25 हा नंबर मिळेल, पण `निकाल`मध्ये स्ट्रिंगच असेल. असाइनमेंट एक्स्प्रेशनची किंमत म्हणजे उजव्या बाजूची किंमत. गेटर (प्रॉपर्टी वाचताना चालणारं फंक्शन) इथे चालतच नाही, आणि सेटरमधून काही रिटर्न केलंत तरी ते वाया जातं. रुबीतही हेच. म्हणून सेटर व्हॅल्यू बदलत असेल तर ओळी दोन करा: आधी असाइन, मग प्रॉपर्टी पुन्हा वाचा.

फ्रीझ केलेल्या, म्हणजे बदल बंद केलेल्या, ऑब्जेक्टवर हा प्रकार जास्त फसवा. स्ट्रिक्ट मोड (जावास्क्रिप्टचा कडक नियमांचा मोड) नसेल तर लिहिणं गुपचूप सोडून दिलं जातं आणि तरी `(ग्राहक.वय = 30) === 30` खरंच ठरतं. म्हणजे लिहिलं गेलं की नाही, हे त्या एक्स्प्रेशनवरून तपासण्यात अर्थ नाही. स्ट्रिक्ट मोडमध्ये निदान टाइपएरर येते. मॉड्यूल आणि क्लासमधला कोड आपोआप स्ट्रिक्ट असतो.

आता लिंक्ड लिस्टच्या (प्रत्येक घटक, म्हणजे नोड, पुढच्या नोडकडे बोट दाखवतो अशी यादी) शेवटी नोड जोडायची ही ओळ:

`शेवट = शेवट.पुढचा = नोड`

जावास्क्रिप्टमध्ये ती बरोबर चालते. `शेवट.पुढचा` म्हणजे कोणत्या ऑब्जेक्टची प्रॉपर्टी, हे आधीच ठरतं, म्हणजे जुन्या शेवटाची. मग असाइनमेंट उजवीकडून डावीकडे होते. पायथनमध्ये मात्र उजवी बाजू एकदाच काढून ती डावीकडून एकेका टार्गेटला दिली जाते. तिथे `शेवट` आधीच नवा नोड झालेला असतो, त्यामुळे त्या नोडचा `पुढचा` तो स्वतःच होतो. जुना शेवट तसाच सुटतो, आणि नव्या नोडपासून पुढे चालणारा लूप थांबत नाही. एरर काही येत नाही, हीच पंचाईत. दोन्ही भाषांत चालेल असं हवं असेल तर:

`शेवट.पुढचा = नोड`
`शेवट = नोड`

पायथन 3.8 मधला वॉलरस ऑपरेटर (`:=`, असाइन करून किंमतही देणारा) इथे कामाचा नाही. तो फक्त साध्या नावाला चालतो, `(ग्राहक.वय := 25)` लिहिलं की सिंटॅक्स एरर. कॉटलिनमध्ये असाइनमेंट एक्स्प्रेशनच नाही, त्यामुळे प्रश्न उद्भवत नाही.

पुन्हा जावास्क्रिप्ट: `??` म्हणजे डावीकडे null किंवा undefined असेल तरच उजवी किंमत घेणं. `सेटिंग.रंग ??= "लाल"` आणि `सेटिंग.रंग = सेटिंग.रंग ?? "लाल"` हे दोन्ही सारखेच समजू नका. पहिल्यात आधीची व्हॅल्यू असेल तर सेटर चालतच नाही आणि एक्स्प्रेशनची किंमत गेटरकडून येते. दुसऱ्यात सेटर दरवेळी चालतो. सेटरमध्ये स्क्रीन पुन्हा काढण्याचं काम असेल तर पहिलंच वापरा.