‘हॅल्सियन’ची व्युत्पत्ती सांगताना या चुका टाळा

इंग्रजी कवितेत ‘हॅल्सियन’ म्हणजे शांत, निवांत. हा शब्द दिसला की कुणीतरी लगेच त्याची फोड सांगून मोकळं होतं: ग्रीक ‘हाल्स’ म्हणजे समुद्र, ‘क्युऑन’ म्हणजे गर्भ धारण करणारी, म्हणून समुद्रावर अंडी घालणारा पक्षी. फोड इतकी गोड की तपासावीशी कुणाला वाटतच नाही.

मलाही वाटली नव्हती. एका पुस्तकाची मुद्रितं वाचताना तळटिपेतली हीच फोड मी तशीच जाऊ दिली. पुस्तक छापून आलं आणि ग्रीक जाणणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलं: ‘यातला ह कुठून आणलात?’ तेव्हा कुठे मी ग्रीक कोश उघडला. शब्द होता ‘अल्क्युऑन’. ग्रीकमध्ये ‘ह’ला वेगळं अक्षर नाही, पहिल्या स्वराच्या डोक्यावर बारीकशी कमान काढतात. ती उजवीकडे उघडी असेल तर ‘ह’, डावीकडे उघडी असेल तर नाही. इथे ती डावीकडे उघडी होती. खंड्याच्या जातीचा हा पक्षी समुद्रावर घरटं बांधतो अशी प्राचीनांची समजूत होती. तिला जुळवून घ्यायला ‘ह’ मागाहून चिकटला. तेव्हापासून मी अर्थ वाचण्याआधी ती कमान बघते. कोश न उघडता फोड सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ‘अल्क्युऑन’चं मूळ अज्ञात आहे, आणि ‘मूळ अज्ञात’ एवढंच लिहायलाही हिंमत लागते.

दुसरी चूक भाषांतरातली. ‘हॅल्सियन डेज’चं ‘उन्हाळ्यातले रम्य दिवस’ करू नका. हे दिवस ऐन हिवाळ्यातले. ॲरिस्टॉटल सांगतो, वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आधीचे ७ आणि नंतरचे ७. रोमन कवी ओव्हिडच्या कथेत अल्किओनीचा नवरा केइक्स समुद्रात बुडतो, देव दोघांनाही पक्षी करतात, आणि ती अंडी उबवत असते तेवढे दिवस तिचा बाप, वाऱ्यांचा राजा ईओलस, वारे कोंडून ठेवतो. वादळी ऋतूत मिळालेली ही उसंत आहे. ‘उन्हाळा’ लिहिलंत की ती उसंतच जाते.

उच्चार ‘हॅल्सियन’. ‘हॅल्कियन’ नव्हे.

आणि आपल्या खंड्याचं शास्त्रीय नाव ‘हॅल्सियन स्मर्नेन्सिस’ आहे, म्हणून ग्रीक कथेतला पक्षी तोच असं ठोकून देऊ नका. कथेतला पक्षी म्हणजे चिमुकला निळा धीवर, असं सहसा मानतात. घरटं मात्र दोघंही समुद्रावर बांधत नाहीत. मातीच्या उभ्या दरडीत बोगदा कोरतात आणि त्याच्या टोकाशी अंडी घालतात.