ब्लॅकमेल म्हणजे काळी चिठ्ठी नव्हे! या चुका टाळा

इंग्रजी शिकवताना आणि लोकांचे अर्ज लिहून देताना मी सगळ्यात जास्त वैतागतो ते या एका शब्दावर. पहिली चूक म्हणजे मेल बघितलं की ईमेल किंवा टपाल आठवणं. मागे एक दुकानदार स्वतःच इंग्रजीत तक्रार टाइप करून घेऊन गेला, म्हटलं होतं बघून देतो पण नाही, घाई! त्यात लिहिलं होतं, 'आय रिसीव्ह्ड ब्लॅक मेल थ्री टाइम्स'. समोरचा कारकून म्हणाला, ठीक आहे, तिन्ही मेलच्या प्रिंट आणा. बिचाऱ्याला धमकी आली होती फोनवर, प्रिंट कुठून आणणार, दोन हेलपाटे झाले आणि शेवटी अर्ज मीच पुन्हा लिहिला.

तर ऐका, इथला मेल टपालाचा नाहीच. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर 16व्या शतकात लुटारू टोळ्या शेतकऱ्यांकडून 'लुटत नाही, पण पैसे द्या' म्हणून वसुली करायच्या, ती ब्लॅकमेल. स्कॉट बोलीत मेल म्हणजे खंड, भाडं. आपल्या 'खंडणी'चंही तसंच झालं की, आधी राज्याराज्यांतली वसुली, आता गुंडांची. म्हणून शब्द एकत्र लिहा, मध्ये जागा नको.

दुसरी चूक, कुठल्याही धमकीला ब्लॅकमेल म्हणणं. 'हातपाय तोडीन' ही नुसती धमकी. 'पैसे दे नाहीतर तुझे फोटो सगळ्यांना दाखवीन' हे ब्लॅकमेल, म्हणजे मागणी पण हवी, आणि रोजच्या बोलण्यात बहुतेक वेळा गुपित फोडायची भीतीही. कायद्याच्या कागदात मात्र भारतीय न्याय संहितेचं कलम 308 आहे, तिथे खंडणी म्हणतात, आणि त्याचं पहिलंच उदाहरण बदनामीचा मजकूर छापायची धमकी देऊन पैसे काढण्याचं आहे. अर्जात मी आधी काय धमकी, काय मागितलं, कधी, हे साध्या मराठीत लिहितो, ब्लॅकमेल शब्द सगळ्यात शेवटी.

इंग्रजीत 'ही ब्लॅकमेल्ड टू मी' नको, 'टू' काढा. ब्लॅकलिस्टशी, म्हणजे काळ्या यादीशी, गल्लत नको.

आणि आईने 'जेवल्याशिवाय गेलास तर बोलणार नाही' म्हटलं की लगेच इमोशनल ब्लॅकमेल? अरे, जेव की मग.