प्लेस्टेशनचा व्हीआर२ पीसीला जोडून विमान उडवायचं असेल तर

सोनीने ७ ऑगस्ट २०२४ ला पीसी ॲडॉप्टर बाजारात आणला आणि तोपर्यंत फक्त प्लेस्टेशन ५ वर चालणारा व्हीआर२ हा आभासी वास्तवाचा (व्हीआर) हेडसेट पीसीवरच्या स्टीमव्हीआर या सॉफ्टवेअरवर चालायला लागला. फ्लाइट सिम्युलेटरसाठी हा हेडसेट खरोखर चांगला आहे. प्रत्येक डोळ्यासमोर २००० × २०४० पिक्सेलचा ओलेड पडदा असतो, त्यामुळे रात्रीच्या लँडिंगला आकाश राखाडी न दिसता काळंच दिसतं. पीसीवर एचडीआर (उजेड-अंधारातला जास्त ठळक फरक), हेडसेटचं कंपन आणि आय ट्रॅकिंग (नजरेचा माग) अधिकृतपणे मिळत नाही. त्यातलं आय ट्रॅकिंगच नसल्याचं वाईट वाटतं, कारण नजर जिथे आहे तेवढाच भाग बारकाईने काढून ग्राफिक्स कार्डाचं ओझं हलकं करता आलं असतं.

सोनीच्या यादीत किमान जीटीएक्स १६५० कार्ड आणि ८ जीबी रॅम लिहिलेली असते. तेवढ्यात हेडसेट सुरू होईल, पण मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर सुखाने उडणार नाही. कार्डावर १२ जीबी मेमरी आणि मशीनमध्ये ३२ जीबी रॅम असेल तरच या वाटेला जा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जोडणी

ॲडॉप्टरपासून पीसीपर्यंत जाणारी डिस्प्लेपोर्ट केबल खोक्यात येत नाही, ती वेगळी घ्यावी लागते. ती १.४ प्रतीची, प्रमाणित आणि शक्यतो २ मीटरच्या आतली हवी. स्वस्त केबलवर ‘१.४’ छापलेलं असलं तरी पडदा मधूनच काळा होतो, आणि लोक आठवडाभर ड्रायव्हर बदलत बसतात. एचडीएमआयवरून कन्व्हर्टर लावून काम होत नाही. केबल ग्राफिक्स कार्डाच्याच पोर्टला लावा, मदरबोर्डच्या नको.

ॲडॉप्टरची यूएसबी वायर पीसीच्या मागच्या यूएसबी ३ पोर्टमध्ये थेट घाला, मध्ये हब नको. मग ॲडॉप्टरला भिंतीच्या सॉकेटमधून वीज द्या आणि शेवटी हेडसेटची वायर त्यात लावा. ती साडेचार मीटर लांब आहे. खुर्चीच्या चाकाखाली येऊ नये म्हणून ती टेबलाच्या कडेला क्लिपने अडकवा.

स्टीमवरून ‘प्लेस्टेशन व्हीआर२’ ॲप आणि स्टीमव्हीआर ही दोन्ही उतरवा. पहिल्या वेळी ॲप हेडसेटचं फर्मवेअर अपडेट करतं. ते चालू असताना काहीही उपटू नका.

कंट्रोलर ब्लूटूथने जोडले जातात. डाव्यावर पीएस आणि क्रिएट, उजव्यावर पीएस आणि ऑप्शन्स ही बटणं एकत्र दाबून धरा, दिवा लुकलुकू लागला की पेअर करा. उडताना जॉयस्टिक आणि थ्रॉटल हातात असल्याने कंट्रोलर लागणार नाहीत, पण सुरुवातीला खोलीची हद्द आखताना लागतात. ते चित्रात तरंगत असतील किंवा त्यांची जोडणी तुटत असेल तर आधी मदरबोर्डचा ब्लूटूथ अँटेना मागे लावलाय का ते बघा, बहुतेक वेळा तो खोक्यातच पडलेला असतो. यूएसबी ब्लूटूथ डोंगल असेल तर ते छोट्या एक्स्टेन्शन वायरने टेबलावर आणा. यूएसबी ३ पोर्टला चिकटून बसलेल्या डोंगलला त्या पोर्टचाच रेडिओ गोंधळ त्रास देतो.

डोक्यावर बसवणं

या हेडसेटच्या भिंगांचा स्पष्ट दिसणारा मधला भाग लहान आहे. आकडे धूसर दिसले की लोक ग्राफिक्स वाढवत सुटतात, पण चूक बहुधा बसवण्यात असते. मागचा पट्टा डोक्याच्या मागच्या फुगवट्याखाली, मानेच्या जवळ उतरवा. मग डायल आवळा, पुढचा भाग डोळ्यांजवळ घ्या आणि वर डाव्या बाजूच्या चाकाने भिंगांतलं अंतर जुळवा. शेवटी एअरस्पीडच्या आकड्यावर नजर रोखून हेडसेट मिलिमीटरभर वर-खाली सरकवा. एका जागी आकड्याची कड अचानक धारदार होते. तिथेच थांबा.

खिडकीतून थेट ऊन भिंगांवर पडू देऊ नका. काही क्षणांत पडद्यावर कायमचा डाग पडू शकतो. खोली पूर्ण अंधारीही नको, कारण हेडसेटचे कॅमेरे भिंती बघूनच स्वतःची जागा ओळखतात.

सेटिंग

स्टीमव्हीआरच्या सेटिंगमध्ये ओपनएक्सआर (सिम्युलेटर आणि हेडसेट यांना जोडणारी व्यवस्था) विभागात जाऊन स्टीमव्हीआरला रनटाइम म्हणून निवडा. आधी दुसरा हेडसेट वापरला असेल तर हे हमखास राहून जातं आणि सिम्युलेटर ‘हेडसेट सापडला नाही’ म्हणतो. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये कंट्रोल आणि टॅब दाबून व्हीआर सुरू होतं, स्पेसबारने नजर मध्यावर येते. डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये त्यासाठी नंबर पॅडवरचा ५ आहे.

आता रिझोल्यूशन. इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. स्टीमव्हीआरची टक्केवारी आणि सिम्युलेटरचं रेंडर स्केलिंग (चित्र किती पिक्सेलमध्ये काढायचं ते प्रमाण) यांचा गुणाकार होतो, आणि दोन्हींची मापं वेगळी आहेत. स्टीमव्हीआरमध्ये ७० टक्के म्हणजे एकूण पिक्सेलच्या ७० टक्के. सिम्युलेटरमध्ये ७० म्हणजे लांबी-रुंदी दोन्ही ७० टक्के, म्हणजे पिक्सेल जवळजवळ निम्मेच. दोन्हीकडे ७० ठेवलं तर सुमारे ३४ टक्के उरतात आणि चित्र धूसर दिसतं. म्हणून सिम्युलेटरमध्ये १०० ठेवा आणि फक्त स्टीमव्हीआरची पट्टी हलवा. सुरुवात ६५ ते ७० टक्क्यांपासून करा.

रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा बदलतो) ९० हर्ट्झ ठेवा. त्याला दर फ्रेम ११.१ मिलिसेकंदांत तयार हवी, १२० ला तर ८.३ मध्येच. मोठ्या विमानतळावर ते जमणार नाही. सेकंदाला ४५ फ्रेम न डगमगता मिळाल्या तर त्या ६० आणि ३५ मध्ये हेलकावणाऱ्या आकड्यापेक्षा पोटाला कितीतरी बऱ्या.

अडतंय कुठे हे शोधायला सिम्युलेटरच्या डेव्हलपर मोडमधला एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) काउंटर लावा. चाचणी दोन ठिकाणी करा: जुहूवर (व्हीएजेजे) सेसना १७२ आणि मुंबईच्या मोठ्या विमानतळावर (व्हीएबीबी) एअरलाइनर. काउंटरवर ‘मेनथ्रेड’ आलं तर प्रोसेसर दमलाय. टेरेन एलओडी (जमीन किती दूरपर्यंत बारकाईने दिसते) आणि विमानांची वर्दळ कमी करा, रिझोल्यूशन उतरवून काही फरक पडणार नाही. ‘जीपीयू’ (ग्राफिक्स कार्ड) आलं तर आधी ढग एक पायरी उतरवा, मग रिझोल्यूशन. डीएलएसएसने (कमी पिक्सेल काढून चित्र मोठं करणाऱ्या तंत्राने) फ्रेम वाढतात, पण काट्यांऐवजी पडदे असलेल्या कॉकपिटमधले बदलते आकडे शेपटी सोडतात. कार्डाला झेपत असेल तर टीएए हे कडा गुळगुळीत करणारं तंत्रच ठेवा. उपकरणं वाचता येत नसतील तर बाहेरचा देखावा कितीही सुंदर असून उपयोग नाही.

हेडसेट घातल्यावर कीबोर्ड दिसत नाही. हेडसेटखालचं फंक्शन बटण दाबलं की कॅमेऱ्यातून खोली दिसते, पण फायनल अप्रोचवर (उतरतानाच्या शेवटच्या टप्प्यात) तेवढा वेळ नसतो. एफ आणि जे वर असतो तसा उंचवटा गिअर आणि फ्लॅपच्या कळांवर रबरी टिकली चिकटवून करून घ्या. त्याहून बरं म्हणजे ही कामं जॉयस्टिकच्याच बटणांवर नेऊन ठेवा.

पहिले काही दिवस १५ मिनिटंच उडा, पंखा चेहऱ्यावर घ्या आणि विमान बाहेरून दाखवणारा कॅमेरा टाळा. घाम फुटायला लागला किंवा तोंडात लाळ जमू लागली की लगेच हेडसेट काढा. तसंच रेटलं तर मळमळ तासन् तास राहते.