अकरा वाजताची भूक टाळणारी न्याहारी

सकाळी पोहे खाऊन घराबाहेर पडलेल्या माणसाला अकराच्या सुमारास चहासोबत खारी, बिस्किटे किंवा वडापाव खावासा वाटतो, तेव्हा तो स्वतःच्या जिभेला दोष देतो. बहुतेक वेळा दोष जिभेचा नसून सकाळच्या बशीचा असतो, आणि तोही बशीत काय आहे याचा, ती किती भरली आहे याचा नव्हे. त्यामुळे पोह्यांचा घास वाढवून हा प्रश्न सुटत नाही. बशीतील पदार्थांचे प्रमाण बदलावे लागते.

पोहे, उपमा, इडली, साबुदाण्याची खिचडी आणि ब्रेड हे आपले नेहमीचे नाश्त्याचे पदार्थ मुख्यतः पिष्टमय आहेत. पिष्टमय पदार्थ, विशेषतः कोंडा काढलेले आणि मऊ शिजवलेले, लवकर पचतात. प्रथिने, तंतू आणि थोडी स्निग्धता सोबत असली की अन्न जठरात अधिक वेळ राहते आणि तृप्तीही टिकते. सुक्या ६० ग्रॅम पोह्यांची भरपूर बशी होते, पण त्यात प्रथिने जेमतेम ४ ग्रॅम असतात. साबुदाण्यात तर ती जवळजवळ नसतातच. खिचडीने पोट थोडेफार धरते ते दाण्याच्या कुटामुळे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. यातील साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे १५ ते १८ ग्रॅम, न्याहारीतच मिळावा असे धोरण ठेवले तर पुढची आखणी सोपी होते.

सुरुवात आहे त्याच पदार्थापासून करावी, कारण एका दिवसात सगळी न्याहारी बदलणारे घर आठवड्याभरात जुन्या वळणावर येते. पोहे करायचेच असतील तर ते निम्मे घ्यावेत, त्यात मूठभर शेंगदाणे आणि वाटीभर मटार घालावेत, आणि बाजूला मोड आलेल्या मटकीची उसळ व वाटीभर दही ठेवावे. २० ग्रॅम शेंगदाण्यांतून सुमारे ५ ग्रॅम, ३० ग्रॅम सुक्या मटकीतून ६ ग्रॅम आणि दह्यातून ४ ते ५ ग्रॅम प्रथिने मिळतात. पोह्यांची आणि मटारांची भर धरली की आकडा सहज गाठला जातो. अंडी चालत असतील तर काम आणखी हलके होते, कारण एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात आणि दोन उकडलेली अंडी कोणत्याही नाश्त्यासोबत खाता येतात. उपम्यात रव्याइतक्याच भाज्या घालाव्यात. इडली खायची असेल तर चटणीवर न भागवता दाट सांबार वाटीभर घ्यावे.

मात्र या सगळ्या डागडुजीपेक्षा थालीपीठ मला अधिक भरवशाचे वाटते. भाजणीत धान्य आणि डाळ आधीपासूनच एकत्र असते, दळण जरा भरड असते आणि तेलही लागते, म्हणजे टिकाऊ न्याहारीला जे हवे ते एका पिठात जमलेले असते. घरी भाजणी करताना ज्वारी व बाजरी प्रत्येकी २ वाट्या, तांदूळ, गहू व हरभऱ्याची डाळ प्रत्येकी १ वाटी, उडीद अर्धी वाटी, धने पाव वाटी आणि थोडे जिरे असे प्रमाण ठेवावे. ज्यांना पोट अधिक वेळ भरलेले हवे असेल त्यांनी तांदूळ निम्मा करून डाळ वाढवावी. प्रत्येक धान्य वेगळे आणि मंद आचेवर भाजावे, कारण एकत्र भाजल्यास उडीद करपतो तरी ज्वारी कच्चीच राहते. गिरणीत दळताना पीठ फार बारीक करू नये असे आवर्जून सांगावे. थालीपिठात कांदा, कोथिंबीर, मेथी किंवा किसलेला दुधी घालावा, आणि सोबत लोण्याच्या गोळ्याबरोबर दहीही घ्यावे. (लोणी वगळावे असे मी सुचवणार नाही, पण गोळा सुपारीएवढा असावा.)

मुगाची धिरडी हा दुसरा चांगला पर्याय आहे. ५० ग्रॅम अख्ख्या मुगातून सुमारे ११ ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि पीठ आंबवण्याची गरज नसल्याने रात्री मूग भिजवले की सकाळी आले, मिरची व जिऱ्यासह वाटून लगेच धिरडी घालता येतात. ज्यांना तेवढाही वेळ नाही त्यांनी रात्रीची भाकरी आणि पिठले सकाळी गरम करून खावे.

उसळीचे गणित मात्र आदल्या दिवशीच जमवावे लागते. मटकी सकाळी भिजत घालावी, रात्री उपसून फडक्यात बांधावी, म्हणजे दुसऱ्या सकाळी मोड आलेले असतात. एकदम तीन दिवसांची मटकी मोडवून फ्रिजमध्ये ठेवल्यास रोजची धावपळ वाचते.

वेळेचा विचार केल्याशिवाय ही सारी तयारी अपुरी ठरते. बदलापूर किंवा विरारहून सहाची लोकल पकडणारा माणूस साडेपाचला खातो आणि दीड वाजता जेवतो. आठ तासांचे अंतर कोणत्याही थालीपिठाने भरून निघणार नाही. अशा वेळी घरी दूध आणि केळे एवढेच घेऊन खरी न्याहारी डब्यात न्यावी आणि पोहोचल्यावर, साडेआठ-नऊच्या सुमारास, बसून खावी. घरी असणाऱ्यांची अडचण उलटी असते: सहा वाजता साखरेचा चहा, सातला पुन्हा चहा, आणि न्याहारी दहाला. त्यांनी दुसरा चहा वगळून न्याहारी आठ-साडेआठपर्यंत आणावी.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी मधले खाणे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

बदल केल्यानंतर आठवडाभर अकरा वाजता स्वतःला एकच प्रश्न विचारावा: आत्ता समोर साधी भाजी-भाकरी आली तर खावीशी वाटेल का? नको वाटली, तर ती चहाच्या वेळेची सवय आहे आणि बिनसाखरेचा चहा किंवा ताक घेऊन ती भागते. हवीशी वाटली, तर भूक खरी आहे. त्या दिवशी मूठभर फुटाणे किंवा एक पेरू खावा आणि दुसऱ्या सकाळी उसळ अर्धी वाटी वाढवावी.