सोन्याला थायॉल लावताय? मग या चुका टाळा

ऑरगॅनिक ट्रान्झिस्टरचा (कार्बनी रेणूंपासून बनवलेल्या ट्रान्झिस्टरचा) सेमीकंडक्टर बदलून झाला, थराची जाडी बदलून झाली, तरी आउटपुट कर्व्ह (व्होल्टेजसमोर प्रवाहाचा आलेख) सुरुवातीलाच एस आकारात वाकतोय? मग खोट बहुधा सोर्स-ड्रेनच्या, म्हणजे प्रवाह आत-बाहेर नेणाऱ्या इलेक्ट्रोडच्या, सोन्यात आहे. हवा लागलेल्या सोन्याचं वर्क फंक्शन (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) साधारण 4.7 इलेक्ट्रॉन-व्होल्ट, पेंटासीन या सेमीकंडक्टरची होमो पातळी (इलेक्ट्रॉनांनी भरलेली सर्वांत वरची पातळी) 5 च्या आसपास. ही पायरी उतरवायलाच पेंटाफ्लुरोबेंझिनथायॉल, म्हणजे पीएफबीटी, हे गंधकाच्या टोकानं सोन्याला चिकटणारं थायॉल लावतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे थायॉलनंतर यूव्ही-ओझोन (अतिनील प्रकाश आणि ओझोननं पृष्ठभाग साफ करणं). ही मी स्वतः केलीय. थर नीट बसवला, चिप रात्रभर डब्यात ठेवली आणि सकाळी 'धूळ बसली असेल' म्हणून 5 मिनिटं ओझोन दिला. पुढचे तीन आठवडे पेंटासीनला शिव्या घालत होतो. शेवटी इलेक्ट्रोडवर पाण्याचा थेंब ठेवला, तर तो सपाट पसरला! थायॉल जागेवर असतं तर फुगीर राहिला असता. ओझोननं थायॉलच्या गंधकाचं ऑक्सिडीकरण होतं, सोन्यावरची पकड सुटते आणि थर पुढच्या धुण्यात निघून जातो. तेव्हापासून प्रत्येक बॅचमधली एक चिप मी थेंबासाठीच बळी देतो.

ओझोन द्यायचाच तर आधी द्या. त्यानंतरही घाई नको. सोन्यावर ऑक्साइड तयार होतं, म्हणून चिप 10 मिनिटं इथेनॉलमध्ये ठेवतो आणि मगच थायॉल. ही 10 मिनिटं वाचवणारे नंतर दोन दिवस प्रोबस्टेशनवर (चिपची मोजणी करायच्या यंत्रावर) घालवतात, हे दर वेळी पाहतो.

धुणं. चिमट्यात धरून एकदा बुचकळलं म्हणजे धुतलं नव्हे. न चिकटलेलं थायॉल वर तसंच वाळतं आणि त्यावर सेमीकंडक्टरचे कण कसेही वाढतात. मी ताज्या इथेनॉलनं तीनदा धुतो, मग नायट्रोजनचा झोत. तीनच का, विचारू नका, सवय आहे.

द्रावण मागच्या महिन्याचं असेल तर फेकून द्या. चांदीचे इलेक्ट्रोड पीएफबीटीत रात्रभर बुडवून ठेवू नका, काही मिनिटं पुरतात. सेमीकंडक्टर एन-टाइप, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहून नेणारा, असेल तर इलेक्ट्रोडला पीएफबीटी लावू नका, इलेक्ट्रॉनांसाठी अडथळा उलट वाढतो.

आणि एकाच चॅनेल लांबीवर (सोर्स-ड्रेनमधल्या अंतरावर) मोबिलिटी (विद्युतभार किती सहज सरकतो ते) काढून 'सुधारणा झाली' म्हणून नाचू नका. चार-पाच लांबींवर मोजा, एकूण रोध लांबीसमोर मांडा. रेष शून्य लांबीवर जिथे अक्षाला छेदते, तो तुमचा कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स, म्हणजे इलेक्ट्रोड आणि सेमीकंडक्टरच्या जोडावरचा रोध. उपचाराआधीचा आकडा नोंदवलेला नसेल, तर परत पहिल्या चिपपासून सुरुवात.