माळ्यावरच्या भांड्यांना दोरा बांधा

घरातलं काय खरंच वापरात आहे, हे नुसतं आठवून कळत नाही. आठवायला बसलं की सगळंच 'लागतं' वाटतं. म्हणून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आवराआवरीत माळ्यावरचं प्रत्येक भांडं पुसून त्याला दोरा बांधा. वापरायला काढलं की दोरा तोडायचा, परत बांधायचा नाही. पुढच्या आखाजीला ज्याचा दोरा शाबूत, ते बाजूला.

मुदत मात्र पूर्ण वर्षाचीच ठेवा. सहा महिन्यांचा हिशेब खानदेशात फसतो. मांडे (पुरणपोळ्या) भाजायचं मातीचं खापर एरवी कोपऱ्यात उपडं पडलेलं असतं, पण आखाजीला नि श्रावणातल्या कानबाईच्या सणाला त्याच्यावाचून अडतं. भरीत ठेचायची लाकडी बडगीही हिवाळ्यातच खाली उतरते.

आमच्याकडे स्टीलच्या अकरा डब्यांचे दोरे जसेच्या तसे निघाले. चार तर आहेरातले, नाव घातलेले; एकात अजून जुन्या वर्तमानपत्राचा बोळा होता! धाकट्या जाऊबाईंनी त्यातले पाच कडधान्याला नेले.

पितळ-तांबं मोडीत देणार असाल तर लोखंडी कड्या आधी काढून ठेवा, नाहीतर दुकानदार वजनात घट धरतो.